मशीनचा खांदा

"मशीन अठून हालत नाई, सलिलभाऊ. तुमी हाला."

"ताई, मी भांडायला नाही आलो. हे शर्ट बघा आधी. पाठीवर बघा."

"पाह्यलं. डोये हायेत मले."

"मग हे काय आहे?"

"हयद हाये. लग्नात नवरदेवाले लावते तेच. इख नोहे."

"अहो, रविवारी अख्खी कंपनी हे शर्ट घालून पळणारे हिंजवडीत. मोठे साहेब पळणार. पाठीवर पिवळा पंजा घेऊन पळायचं त्यांनी?"

"पळू द्या. लोकाईले वाटन, मांगून कोनी शाबासकी देल्ली."

रस्त्यावर उभं राहून ऐकणारे दोघे-तिघे हसले. सलिलला काही हसू आलं नाही. त्यानं शर्ट गठ्ठ्यावर टाकला आणि कपाळाचा घाम पुसला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार होती. बिबवेवाडीतल्या त्या गाळ्याचं पत्र्याचं शटर हात लावू देत नव्हतं इतकं तापलं होतं. आत दीपमाला कमरेला पदर खोचून मशीनच्या पुढ्यात उभी होती. दारात आडवी झालेली म्हैस जशी काठीला जुमानत नाही, तशी.

दीपमाला मूर्तिजापूरच्या पलीकडची. खारपाणपट्ट्यातली. तिकडं विहिरीला पाणी लागतं तेच मिठाचं, त्यामुळं माणसंही गोड बोलायच्या फंदात पडत नाहीत. बद्रीनाथशी लग्न होऊन ती पुण्यात आली. बद्रीनाथ मार्केट यार्डात टेम्पो चालवतो. कांदा, बटाटा, लसूण, जे मिळेल ते वाहतो. दीपमालानं पहिल्या वर्षीच एका सोसायटीच्या जिन्याखाली कोळशाची इस्त्री मांडली. सोसायटीतल्या बायका कपडे द्यायला यायच्या आणि जाता जाता तिची भाषा दुरुस्त करायच्या. "अगं, मले काय म्हणतेस? मला म्हणावं."

"मले त मलेच म्हनते, बाई. तुमाले समजलं ना? मंग झालं. कपडे आना."

पुण्यात राहून कितीजणांची बोली वितळून गेली. आठ दिवसांत 'अय्या' म्हणायला लागलेल्या पोरी आहेत. दीपमालाची बोली मात्र होती तिथंच राहिली, बाभळीच्या खुंटासारखी.

मग ती वर्षं आली. हिंजवडीच्या उसाच्या फडात काचेच्या इमारती उगवल्या, बिबवेवाडीच्या चौकात भल्या सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या थांबायला लागल्या आणि पुण्याच्या अंगावर एकाएकी टी-शर्ट आले. आधी पोरं ऑफिसला जायची ती कडक कॉलरचा शर्ट घालून, आता गोळा करून पिशवीत कोंबलेला टी-शर्ट तसाच अंगात घालून बसमध्ये चढायला लागली. त्याला इस्त्री कशाला लागते? दीपमालाचा कोळसा दुपारीच संपायचा तो संध्याकाळपर्यंत उरायला लागला.

दुसरी बाई रडत बसली असती. हिनं एक दिवस त्या टी-शर्टाची छाती दोन बोटांत धरून बघितली. कंपनीचं नाव होतं त्यावर. तिनं ते नखानं खरवडलं, वास घेतला.

"हे बी तापानंच चिकटते की," ती बद्रीनाथला म्हणाली. "या शर्टाईनं माही इस्त्री खाल्ली. आता यायलेच शेकते."

बंद पडत चाललेल्या एका दुकानातून तिनं जुनं हीटप्रेस मशीन आणलं. कसं आणलं, काय विकून आणलं, ते विचारलेलं तिला आवडत नाही. आणलं. सोसायटीचे सेक्रेटरी गोपाळकृष्णकाका पहिल्या मजल्यावर राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचाच तळमजल्यावरचा गाळा तिनं भाड्यानं घेतला आणि इस्त्रीवालीची छापणारी झाली.

मशीन म्हणजे तसं सोपं जनावर. दोन पाट. वरचा लोखंडी, तो तापतो. खालच्यावर विटकरी रंगाची जाड रबरी गादी. गादीवर शर्ट पसरायचा, शर्टावर छापील कागद उपडा ठेवायचा, दांडा ओढून वरचा पाट दाबायचा. वेळ झाली की घंटी वाजते. दांडा सोडायचा, कागद सोलायचा, नाव शर्टावर उतरलेलं असतं. पण जनावर म्हटलं की त्याची मर्जी आली. एक कोपरा थंड पडला की अक्षराचा तुकडा कागदालाच राहतो. दीपमाला रोज सकाळी चारही कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या दाबून ओढून बघते. कुठली पट्टी सैल निघाली की तिकडचा नट पिळते. तव्यावर मारतात तसा पाण्याचा शिंतोडा पाटावर मारते. चर्र आवाज कसा येतो त्यावरून तिला कळतं, तापमानाचा काटा खरं दाखवतोय की फसवतोय. पाट कोमट असताना सुती चिंधीनं पुसते, दांड्याच्या सांध्यात तेल सोडते. एकदा आतली तार जळाली तेव्हा स्वतः उघडून बसली आणि असा झटका खाल्ला की पाठ भिंतीला लागली. हाताच्या मुंग्या उतरेपर्यंत तिनं मशीनच्या सात पिढ्या काढल्या, मग पुन्हा पाना उचलला.

सलिल तिला काम द्यायचा. सदाशिव पेठेतला पोरगा, वडील शाळेत मास्तर. नोकरी न करता नमुन्यांची बॅग घेऊन हिंजवडीतल्या कंपन्यांचे उंबरे झिजवायचा, ऑर्डरी आणायचा. कोरे शर्ट आणि छापील कागद तो द्यायचा, फसले तर म्हणून दोन-चार वरचे द्यायचा, ही धंद्याची रीतच. छापायची दीपमाला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या डोक्यात एक खूळ होतं. हिंजवडीत जमीन विकून बंगला बांधलेल्या कुणा शेतकऱ्याचा मोठा हॉल त्यानं घेतला होता आणि त्याला दीपमाला मशीनसकट तिथं हवी होती.

"ताई, पगार देतो. पंखे आहेत, पाणी आहे. कंपनीची बस दारातून घेईल, दारात सोडेल."

"बस नेते, बस आनते. मी काय खिल्लार हाओ? अन् मशीन कोनाची राह्यन?"

"तुमचीच. पण हॉलमध्ये."

"हॉलमध्ये हॉलवाल्याची राह्यते, भाऊ. शिकवू नका मले."

असं वर्षभर चाललेलं. आणि मग हा दसरा आला.

दसऱ्याला बद्रीनाथची आई, इंदुबाई, गावाहून आली होती. दीपमालानं मशीन धुतलंपुसलं, फ्रेमला कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली. इंदुबाई बाजूला बसून बघत होती. तिचं समाधान होईना.

"कुकू कोठी लावलं वं तू?"

"कपायाले, आत्याबाई."

"हे कपाय हाये? हे त शिंग दिसते मले."

"मंग कपाय कोठी हाये थे तुमीच सांगा."

"ज्याच्यावर ओझं येते, तठी हात लावा लागते. पोळ्याच्या आंधल्या दिवशी आपन बैलाचा खांदा शेकतो का कपाय?"

त्यांच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, गरम पाण्यानं शेकतात. वर्षभर जू वाहून तिथं घट्टे पडलेले असतात. इंदुबाईनं सगळा जन्म हे केलं. बैल विकले गेले, शेत मक्त्यानं गेलं, तळहाताची सवय तेवढी राहिली. संध्याकाळी दीपमाला आणि बद्रीनाथ सोनं द्यायला नातेवाइकांकडं गेले तेव्हा म्हातारी गाळ्यात एकटीच होती. तिनं मशीन चारी बाजूंनी नीट बघितलं. वरचा पाट दाबतो, खालची गादी सोसते. म्हणजे खांदा हाच. दोन्ही तळहातांनी तिनं गादी मायेनं चोळली, मग लोणी नव्हतं म्हणून हळद पाण्यात कालवली. शेवटी तिचा एक ठसठशीत पंजा उठवला. पंजाच्या कडेला एक कुंकवाचा ठिपका.

विटकरी गादीवर हळद दिसते कुठं? सकाळी दीपमालानं मशीन तापवलं आणि सलिलचा गठ्ठा उघडला. कंपनीचं नाव छातीवर झकास उतरत होतं, तिचा जीव त्या नावावर. शर्ट उताणेच एकावर एक रचत गेली. पाठीला काय होतंय हे बघायला सवड कुणाला होती? पहिल्या शर्टावर पंजा कुंकवासकट उठला, पुढच्यांवर नुसता पिवळा, मग फिका होत होत शेवटच्यांवर सावली उरली. सलिल माल न्यायला आला, त्यानं तळचा शर्ट सहज ओढून उलटा केला, आणि वर लिहिलं ते भांडण झालं.

"म्हणून मी सांगत होतो," सलिल आता समजुतीच्या सुरात बोलला. तो सूर दीपमालाला भांडणापेक्षा जास्त झोंबला. "हे असं घरगुती पद्धतीनं नाही चालत, ताई. तुमच्या सासूबाई येणार, हळद लावणार. उद्या कुणी नारळ फोडेल गादीवर. हॉलमध्ये शिस्त असते. चूक झाली ना? मग आता मशीन तिकडं हलवू. मी कंपनीला काहीतरी सांगतो, तुमचं नाव येऊ देत नाही."

इंदुबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. चूक आपली हे तिला कळलं होतं, पण ती मान खाली घालणाऱ्यातली नव्हे. "म्या लावली हयद," ती म्हणाली. "हे मशीन माह्या सुनेचं ओझं वाह्यते. याचा खांदा कोन शेकन? तुहा हॉलवाला?"

"आजी, प्लीज. शर्ट पांढरे पाहिजेत मला. बास."

"पाह्यजेत ना पांढरे?" दीपमाला पुढं आली. 'तुमी' कुठंतरी गळून पडलं. "उद्या दिवस बुडाच्या आंधी तुहे शर्ट पांढरे नाई झाले, त मशीन उचल अन् घेऊन जाय तुह्या हॉलात. मी बी येते मांगून, तुह्या बशीत बसून."

बोलून गेली आणि मग तिला कळलं आपण काय बोललो. वरच्या गॅलरीतून गोपाळकृष्णकाका वाकले. "मी ऐकलं आहे. साक्षीदार हवा असेल तर बोलवा. फी घेत नाही."

सलिलनं मान हलवली. "हळद उन्हानं जाते, हे माझी आईही सांगते. पण त्याला चार दिवस लागतात, ताई. एका दिवसात नाही जायची."

"तुमच्या घरात आई तेवढी शहानी दिसते. या उद्या."

संध्याकाळी बद्रीनाथ आला. त्याला सगळं कळल्यावर त्यानं नळाखाली बादली लावली, कपडे धुवायचा साबण घेतला आणि दोन-तीन शर्टांच्या पाठी घासायला बसला. बिचारा मदतच करत होता. साबण लागताच पिवळ्याचं लालभडक झालं.

"माय वं!" इंदुबाई हसत सुटली. "हयदीचं कुकू केलं पोट्ट्यानं."

"ठेवा थो साबन," दीपमाला ओरडली. "लगन लावून राह्यले का शर्टाचं?"

पाण्यातून काढल्यावर लाल पुन्हा पिवळं झालं, पण बद्रीनाथ त्यानंतर बादलीपासून लांबच बसला.

सकाळी दीपमाला वरच्या मजल्यावर गेली. "काका, गच्चीची किल्ली द्या. दिवसभर शर्ट वाळू घालाचे हायेत."

गोपाळकृष्णकाकांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "गच्ची पाण्याच्या टाकीसाठी आहे. कपड्यांसाठी नाही. सोसायटीचा ठराव आहे."

"एक दिस, काका."

"ठरावात दिवस लिहिलेले नाहीत."

तिनं दुसऱ्यांदा मागितली नाही. खाली आली, बद्रीनाथच्या टेम्पोतले माल बांधायचे दोर काढले आणि सोसायटीच्या फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत, खांबापासून पलीकडच्या गुलमोहरापर्यंत रस्त्यावरच ताणले. ओले शर्ट पाठी वर करून टाकले. बघता बघता सगळी गल्ली कंपनीच्या नावानं भरून गेली. शाळेच्या रिक्षा वाकून जायला लागल्या. स्कूटरवाले तोंडावर आलेला बाह्या-बाह्यांचा पडदा हातानं बाजूला सारत निघून जायचे. कुणी म्हणालं, कंपनी इथं शाखा काढतेय का?

काका गॅलरीत आले. "दीपमालाबाई, ही सोसायटी आहे की धोबीघाट?"

"तुमचा लेंगा नाई टाकला, काका. तुमी काहून लाजून राह्यले?"

दर थोड्या वेळानं ती पाण्याचा हात मारत फिरायची. ओल्या कापडाला ऊन लवकर चावतं. ऑक्टोबरचं पुण्याचं ऊन, त्याला काही शिकवायची गरज नव्हती. अकराच्या सुमाराला फिके पंजे पुसट झाले. पण मग दुपार कलली आणि सोसायटीची सावली हळूहळू दोरीवर चढायला लागली. गल्ली अरुंद, इमारत चार मजली. एकेक शर्ट सावलीत बुडत गेला. दाट पंजे अजून तसेच होते. दीपमाला रस्त्याच्या मधोमध उभी राहून वर बघत राहिली. तिचा हात नकळत पदराच्या टोकाला पीळ घालत होता.

टप् करून तिच्या पायापाशी काहीतरी पडलं. किल्ली. वर गॅलरीत काका. "घ्या. ठराव मी उद्या बघतो. पण हा तमाशा आवरा."

तिनं किल्ली उचलली, बघितली, आणि फाटकावरच्या खिळ्याला अडकवली. "राहू द्या, काका. सकाई मांगतली तवा तुमी पेपर वाचून राह्यले होते. आता दोर बांधाले अन् सोडाले सवड नाई मले." मग ती बद्रीनाथकडं वळली. "अवो, टेम्पो काढा."

"कोठी?"

"ऊन जाइन तठी."

टेम्पोच्या हौद्यावर ताडपत्रीचे बांबू उभे होतेच. त्यांच्यावर सगळे दोर गुंडाळून ताणले, आत, बाहेर, टपावर, जिथं जागा मिळेल तिथं शर्ट बांधले. हौद्यात कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर इंदुबाई, हातात पाण्याचा डबा. टेम्पो मार्केट यार्डाच्या मागून गंगाधामच्या चढाला लागला तेव्हा शर्टांच्या बाह्या वाऱ्यावर अशा उडत होत्या की चौकातले हमाल हातातली पोती सोडून बघत राहिले.

"बद्री, वरात कुनाची रं?" एकजण ओरडला.

"मशीनची!" इंदुबाई वरून ओरडली.

चढाच्या वरच्या अंगाला, डोंगर फोडून सपाट केलेल्या मोकळ्या जागेवर बद्रीनाथनं टेम्पोची पाठ मावळतीकडं केली. तिथं ऊन आडवं येत होतं, थेट पाठींवर. दीपमाला टपावर चढली, एकेक शर्ट फिरवत राहिली. कात्रजच्या बाजूनं एक ढग निघाला होता, काळ्या म्हशीसारखा, सावकाश. दीपमालानं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. इंदुबाईनं मात्र डबा खाली ठेवून त्याला हात दाखवला. "इकडं येऊ नोको. तठीच मर कात्रजले."

ढगानं कुणाचं ऐकलं असं नाही, पण तो घाटाच्या अंगानं सरकला. शर्टांवरचं पिवळं आधी लिंबासारखं झालं, मग ताकासारखं, मग कुठं होतं ते शोधावं लागलं.

दिवे लागायच्या आधी टेम्पो गाळ्यासमोर आला. सलिल येऊन उभाच होता. तो हौद्याशी गेला आणि शर्ट काढून काढून मावळत्या उजेडाला धरायला लागला. कापड वाळून पापडासारखं झालेलं. एक, आणखी एक, आणखी एक. दीपमाला बाजूला उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती. मधेच त्याचा हात थांबला.

"हा राहिला."

तो पहिला शर्ट. हळद गेली होती, कुंकवाचा ठिपका जसाच्या तसा. कुंकवाला उन्हाचं भय नसतं.

"ताई, तुम्ही म्हणाला होतात, सगळे." त्याचा आवाज कठोर नव्हता, पण हट्टी होता. "एकजण काय लाल ठिपका घेऊन पळणार?"

दीपमालानं शर्ट त्याच्या हातून घेतला. "उजेड हाये ना अजून?"

"आहे. पण—"

"मंग दिवस नाई बुडला."

गाळ्यात जाऊन तिनं मशीनची कळ दाबली. आज सकाळीच तिनं ती रबरी गादी ओल्या फडक्यानं तीनदा पुसली होती. तरी आता पुन्हा पुसली, पांढरं फडकं दाबून उजेडात बघितलं. फळीवरून सलिलनंच दिलेला एक वरचा कोरा शर्ट काढला आणि एक वरचा कागद. पाटावर शिंतोडा मारला. चर्र. गादीवर शर्ट पसरला, कागद उपडा ठेवला, दांडा ओढला. घंटी वाजली. तिनं कागद सोलला आणि शर्ट आधी उलटा करून सलिलच्या नाकासमोर धरला. पाठ कोरी. मग छाती दाखवली.

"मोजा आता."

सलिलनं मोजले नाहीत. गठ्ठा बांधायला घेतला. त्याच्या खांद्यावरचं ओझं गेलं होतं, तरी शेवटचा शब्द त्याला हवाच होता. "बरं झालं. पण पुढच्या दसऱ्याला ही पूजाबिजा मशीनवर नको, ताई. हे मला लेखी... हे मला तुमच्या तोंडून पाहिजे."

"पुढच्या दसऱ्याले आत्याबाई राह्यतीन. मशीन राह्यन. हयद बी राह्यन. दुसऱ्या दिवशी गादी पुसाले मी राह्यन."

"म्हणजे तुम्ही ऐकणार नाही."

"पुसाचं ऐकलं. पुजाचं नाई ऐकत."

"मग माझी पुढची ऑर्डर विसरा."

"इसरली."

सलिल गठ्ठा उचलून गाडीकडं गेला. वरून खाकरल्याचा आवाज आला. "साक्षीदार आत जाऊ शकतो ना?" काकांनी विचारलं. मग स्वतःच आत गेले. खिळ्यावरची किल्ली मात्र नेली नाही.

सलिल गेला तो अजून तरी आलेला नाही. काही दिवस दीपमालाच्या फळीवर कोऱ्या शर्टांची थप्पी नव्हती आणि बद्रीनाथला कांद्याच्या दोन खेपा जास्त कराव्या लागल्या. ती त्याबद्दल बोलत नाही. जवळच्या अप्पर वस्तीतल्या एका कबड्डी संघाला नावं आणि आकडे छापून हवे होते, ते तिच्याकडं आले. तिनं त्यांना विचारलं, शर्ट कधी घालणार? ते म्हणाले, शनिवारी. ती म्हणाली, शुक्रवारी या.

कबड्डीचे शर्ट छापायचे त्या दिवशी सकाळी इंदुबाई गावी जायला निघाली. पिशवी काखेत मारून ती गाळ्यात आली आणि मशीनच्या गादीवरून उघडा तळहात फिरवला.

"चोळू नोका, आत्याबाई. आज काम हाये," दीपमाला म्हणाली. तिचं लक्ष कोपऱ्यातल्या पट्टीकडं होतं. पट्टी सैल निघाली. तिनं पाना घेतला, नट अर्धा पिळला, पुन्हा पट्टी ओढली. आता घट्ट. मग कुंकवाचा ठिपका असलेला तो शर्ट घेतला, फाडून त्याचे दोन तुकडे केले, एक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसासाठी भिंतीच्या खिळ्याला लावला आणि दुसऱ्यानं कोमट पाट पुसायला लागली.